निंबोळ्यांचा ठराव

आमच्या घरात कागद कधी विकत आणावा लागला नाही. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. शाई जास्त लागलेली, तिरकी छापली गेलेली, एखादी ओळ उडालेली पत्रकं ते संध्याकाळी बगलेत मारून आणायचे. फळीवर पत्रक, पिठाच्या डब्यावर पत्रक, चूल पेटवायला पत्रक. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. शाळेचं पहिलं पुस्तक हातात पडायच्या आधी मला 'जाहीर निषेध' आणि 'बहुसंख्येने उपस्थित राहावे' हे लिहिता येत होतं. आई म्हणायची, "हिला जेवायला बोलवायचं तरी म्हणावं लागतं, बहुसंख्येनं या."

त्या वर्षी मी वीस वर्षांची होते आणि लातूर जिल्हा माझ्याहून पुष्कळ लहान होता. नुकताच उस्मानाबादेतून वेगळा निघालेला. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या. टेबलं आली होती, खुर्च्या वाटेत होत्या. सरकारी कागदावर छापलेलं जुन्या जिल्ह्याचं नाव पेनानं खोडून वर नवं लिहिलेलं असायचं. पाऊस मात्र नव्या जिल्ह्यालाही जुन्यासारखाच चुकला. सलग दुसरं वर्ष होतं. आई रोजगार हमीच्या कामावर मुरुडच्या रस्त्याला खडी फोडायला जायची. सकाळी वस्तीच्या कोपऱ्यावर मुकादमाचा ट्रॅक्टर येऊन भोंगा वाजवायचा, आणि आई अर्धा चहा कपात तसाच ठेवून पदर खोचत पळायची. संध्याकाळी मी तिच्या हातांना तेल लावायचे. त्या हातांनी भाकरी थापता यायची, पण सुईत दोरा ओवता यायचा नाही. बोटं वळतच नव्हती. एकदा दगडाची कपची उडून भुवईला लागली. बोटभर खाली लागली असती तर डोळा गेला असता.

अशात वडिलांनी एक पत्रक आणलं. बार्शी रस्त्याला सरकारनं एक वनस्पती उद्यान काढलं होतं. तिथं दर रविवारी मोफत वर्ग भरणार होते: झाडांची ओळख, रोपं तयार करणं, हस्तकला. कोणीही यावं. शेवटची ओळ बारीक टायपात होती. वर्ग पुरा करणाऱ्या बायांपैकी ज्यांची रोपं जास्त जगतील, अशा दोघींना उद्यानाच्या रोपवाटिकेत काम मिळणार होतं.

आईनं ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग विचारलं, "रोपवाटिकेत दगड असतात का गं?"

"नसतात."

"मग जाऊ."

"मी कशाला?"

"मला वहीत लिहून घेता येत न्हाई म्हणून. आन् तुझं तोंड चालतं म्हणून."

तोंड पहिल्याच रविवारी चाललं. वर्गात आम्ही चौदा जण होतो, बहुतेक बायाच. उद्यानाचे साहेब तरुण होते, शेतकी शिकलेले, बदलून आलेले. ते उभे राहून उद्यानाचा नकाशा दाखवू लागले. इथं औषधी झाडं, इथं निवडुंग, इथं गुलाब वाटिका. मी उठले. म्हटलं, "साहेब, आमच्या वस्तीत दोन दिवसांआड टँकर येतो. माणसाला घोटभर पाणी नाही आणि सरकार गुलाबाला पाणी घालतं, हे कोणत्या न्यायात बसतं?"

साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली, उलगडली, परत केली. आईनं माझी वेणी मागून ओढली. उत्तर दिलं ते दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या माळ्यानं. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. लहानपणी निजामाच्या काळात हैदराबादेत बागकाम शिकलेले, नंतर जन्मभर मराठवाड्यातल्या सरकारी बागा राखलेले.

"कौनसा गुलाब, बेटी?" ते म्हणाले. "चल, दाखवतो."

सगळा वर्ग त्यांच्यामागून निघाला. 'गुलाब वाटिका' अशी रंगवलेली पाटी होती. तिच्यामागं वाफ्यात वाळलेल्या काड्या उभ्या होत्या. चाचांनी एक काडी कटकन मोडून माझ्या हातात दिली. "घे. लिही त्यावर काय लिहायचं ते."

बाया हसल्या. मीही हसले असते, पण पत्रकांवर वाढलेल्या माणसाला पहिल्या भेटीत हसता येत नाही. उद्यानात तसं फारसं काही नव्हतंच. तारेचं कुंपण मंजूर झालं होतं, पण आलं नव्हतं. रोपांसाठी प्लास्टिकच्या पिशव्या मंजूर होत्या, त्याही आल्या नव्हत्या. विहीर तळाला गेली होती. आम्हाला सांगण्यात आलं की ज्यानं त्यानं आपल्या वाफ्यापुरतं पाणी घरून आणावं. साबणाचं नको, डाळ-तांदूळ धुतलेलं चालेल.

वर्गात रेणापूरच्या एक काकू होत्या. घरची जमीन, नाकात मोठी नथ, आवाज मोट हाकल्यासारखा. त्या एसटीनं यायच्या. त्यांना काम नको होतं, मोगऱ्याचं कलम करायला शिकायचं होतं, आणि हे त्या भेटेल त्याला सांगायच्या. दुसऱ्या रविवारी त्यांनी दाराजवळच्या माठाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, स्वतःची पाण्याची कळशी पायाशी घेऊन बसल्या. माझ्या मनात पत्रक जुळायला लागलं. आमचं घर धर्मांतर केलेल्यांतलं. कोण कुठल्या भांड्यातलं पाणी पितं, हे पाहायला आम्हाला शिकवावं लागत नाही. मी मथळासुद्धा ठरवला होता. दुपारी काकूंनी ती कळशी उचलली, आपल्या वाफ्याला घातली, माठापाशी गेल्या, आईनं नुकताच ठेवलेला पेला उचलला आणि गटागटा प्यायल्या. "वाफ्यासाठी आणलं होतं गं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू काय टक लावून बघतीस मघापासून?"

दर वेळी माझा संशय असा खोटा ठरला असं नाही. त्या वर्षात दुसरीकडे तो खराही निघाला. पण तिथं खोटा ठरला, म्हणून लिहिते.

उन्हाळाभर वर्ग चालले. सकाळी झाडं ओळखायची. चाचा पाटी वाचू द्यायचे नाहीत. पान चुरगाळून वास घ्यायला लावायचे, खोडावर हात फिरवायला लावायचे. आई यात सगळ्यांच्या पुढे होती. तिला नावं ठाऊक होतीच. मी वहीत लिहायचे ती त्याच झाडांची पुस्तकातली नावं. दुपारी हस्तकला. शिंदीच्या पानांचे झाडू, अंबाडीच्या सुताची दोरी. एक रविवार कागदाच्या कुंड्यांचा होता. पेल्याभोवती कागद गुंडाळायचा, खालची कड आत दुमडायची, पेला काढून घ्यायचा, झाली कुंडी. तिच्यात माती भरून बी टाकायचं. रोप कुंडीसकट जमिनीत लावलं तरी चालतं, कागद कुजून जातो. मी म्हटलं, "कागद वाचण्यासाठी असतो." चाचा म्हणाले, "वाचून झाल्यावर काय असतो?" मी त्या दिवशी एकही कुंडी केली नाही. आईनं पाच केल्या. तिची बोटं वळत नव्हती म्हणून एकेक कुंडी तिरकी झाली, तिरक्या छापलेल्या पत्रकासारखी.

मग निंबोळ्या पिकल्या. दुष्काळात दुसरं काही पिको न पिको, लिंबाला निंबोळ्या लगडतातच. साहेबांनी जाहीर केलं: प्रत्येकीनं निंबोळ्या वेचून आणायच्या, गर काढून बी सावलीत वाळवायचं, आणि त्याची रोपं करायची. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी जिवंत रोपं मोजली जातील.

पुढच्या रविवारी काकूंनी पोतं भरून बी आणलं. मळ्यात गड्यांनी वेचलेलं. बाकीच्यांनी कुणी टोपली, कुणी पिशवी. देगलूरकडून लग्न होऊन आलेली एक मुलगी होती, माझ्याच वयाची, कडेवर लेकरू. ती नेहमी हसून अर्धं तेलगू बोलायची. तिनं पातेलंभर आणलं होतं. आईनं ओटीभर. खडीवर दुपारच्या सुट्टीत, रस्त्याकडेच्या एका लिंबाखाली वेचलेलं. एवढ्यात फार तर दोनेकशे रोपं झाली असती, तीही सगळी उगवली तर.

त्या रविवारी चाचा नव्हते. त्यांची मुलगी नांदेडला दिलेली, तिचं बाळंतपण होतं. दीड-दोन महिने येणार नव्हते. साहेब कचेरीत पत्र लिहीत बसले होते. मी त्या ढिगांकडे पाहिलं आणि उठले.

काय बोलले ते मला अजून पाठ आहे, कारण मी ते आदल्या रात्री लिहूनच काढलं होतं. ज्याच्याकडे जमीन त्याच्याकडे बी, ज्याच्याकडे बी त्याच्याकडे रोप, ज्याच्याकडे रोप त्याला काम: मग ही परीक्षा झाडाची की सातबाऱ्याची? सगळं बी एकत्र करावं. सारखं वाटून घ्यावं. आणि सगळ्यांनी एकाच दिवशी पेरावं, म्हणजे कोणी पुढे निघणार नाही. त्या दिवशी शहरातल्या लोकांनाही बोलवावं. मी पत्रक काढीन. सार्वजनिक वृक्षपेरणी.

मी हे तत्त्वासाठी बोलले, आणि खरंच तत्त्वासाठी बोलले. पण आईचं बी नुसतं ओटीभर नसतं तर तेवढ्या जोरात बोलले असते का, हे आज सांगता येत नाही.

काकूच आधी म्हणाल्या, "घ्या की. मला कुठं काम पाहिजे. पोतं परत न्यायचा वैताग मिटला." हात वर झाले. चौदापैकी तेरा. ठराव मंजूर. आईचा हात खाली होता.

"तुझा विरोध आहे?" मी विचारलं.

"विरोध न्हाई. माझ्या मांडीवर त्या पोरीचं लेकरू झोपलंय. हात कसा वर करू?"

बी तोवर ठेवायचं कसं, हा प्रश्न आला. कुणालाच त्यात प्रश्न वाटला नाही. आम्ही ज्वारीच्या मुलखातली माणसं. बी कसं ठेवतात हे सांगायला कुणी लागत नाही. "राखेत घोळून डब्यात भरा, झाकण घट्ट लावा," काकू म्हणाल्या. "आमची ज्वारी वर्षभर हलत न्हाई." तेलाचा मोठा डबा आणला गेला. चाळलेली राख आणली गेली. बायांनी बी असं घोळलं की बघत राहावं. झाकणाच्या कडेला शेणमातीचा लेप दिला. माझा ठराव त्या डब्यात सुरक्षित बंद झाला.

पत्रकाला वेळ लागला, तो माझ्यामुळे. मी मजकूर लिहिला, वडिलांनी जुळवला, कच्चा छाप घरी आणला. मी दुरुस्त केला. पुन्हा जुळवला, पुन्हा दुरुस्त केला. तिसऱ्या वेळी वडील म्हणाले, "आता खिळे झिजायचे राहिलेत फक्त." अखेर पाचशे प्रती निघाल्या. चांगला जाड कागद होता, कुठल्याशा लग्नपत्रिकेच्या कामातून उरलेला. 'एकाच दिवशी, एकाच वेळी, सर्वांनी मिळून!' शेवटी उद्गारचिन्ह. मी शाळांत वाटलं, बसस्थानकावर वाटलं. पेरणीला लोक आले, कमी आले, पण आले. डबा उघडला. बी सारखं मोजून वाटलं. एका वेळी सगळ्यांनी मातीत टाकलं. मला तेव्हा वाटलं होतं की आयुष्यात आपण काहीतरी केलं.

आठ दिवस झाले. काही नाही. आई खडीवरून आली की हातपाय धुवायच्या आधी उद्यानाचा रस्ता धरायची, वाफा बघायची. पंधरा दिवस झाले. चौदा वाफे, नुसती काळी माती, वर डाळ धुतलेल्या पाण्याचे पांढरे डाग.

चाचा नांदेडहून आले ते पेढे घेऊन. नातू झाला होता. पेढा तोंडात टाकून मी त्यांना वाफे दाखवले. त्यांनी खाली बसून बोटानं माती उकरली, एक बी काढलं, नखानं फोडलं. आत तपकिरी पीठ. मग त्यांनी डबा मागितला. तळाशी चिमूटभर बी उरलं होतं. झाकणाशी नाक नेलं आणि मागं घेतलं.

"किती दिवस होतं यात?"

"महिना."

"निंबोळीचं बी तेलाचं असतं, बेटी. त्याला वारा लागतो. आज वाळलं की उद्या-परवा मातीत गेलं पाहिजे. जास्तीत जास्त दोन आठवडे. तुम्ही त्याला राखेत घालून वर दार लावलं." मग डबा खाली ठेवून, "ज्वारीवाले तुम्ही. मीच सांगून जायचं होतं."

घरी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे समता आली म्हणायची. सगळ्यांचं शून्य."

आई हसली नाही. ती भाकरी थापत होती. एवढंच म्हणाली, "उद्या ट्रॅक्टर लवकर येणार हाय."

पुढच्या रविवारी मी वर्गापुढं उभी राहिले. या वेळी काही लिहून काढलेलं नव्हतं. म्हटलं, चूक माझी आहे. थांबा मी म्हटलं, ठराव मी मांडला, पत्रकासाठी वेळ मी घालवला. निंबोळ्यांचा मोसम गेला आणि तुमचं काम माझ्यामुळे गेलं.

"ए ठराववाली," काकू मागून म्हणाल्या, "राखेचं कुणी सांगितलं? मी. सगळं स्वतःच्या नावावर घेऊ नको. थोडं आम्हाला बी ठेव."

देगलूरच्या मुलीनं लेकराचा हात धरून वर केला. "माफीचा ठराव," ती म्हणाली. "मंजूर." बाया हसायला लागल्या आणि मला तिथंच रडू आलं.

तेवढ्यात बाहेर साहेबांचा आवाज. "हाड! हाड! अरे, धरा ती!" आम्ही बाहेर पळालो. शेळ्यांचा कळप उद्यानात शिरला होता, तार आलीच नव्हती ना. पाणी घालून घालून जगवलेल्या जास्वंदीचं पान न् पान त्या खात होत्या. साहेब हातातली फाइल उगारून एकीच्या मागे धावत होते. शेळी थांबली, लेंड्या टाकल्या आणि सावकाश पुढच्या जास्वंदीकडे गेली.

आई पुढे झाली. जिभेचा विचित्र टक्-टक् आवाज काढला. सगळा कळप मान वर करून तिच्याकडे चालायला लागला. तिचा बाप उमरीला लोकांच्या शेळ्या राखायचा. हे मला ठाऊक होतं, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"साहेब," ती म्हणाली, "शेळ्यांना हाकलू नका. कुंपण कशाचं करायचं ते त्याच सांगून राहिल्या."

"काय?"

"बाभळीच्या शेंगा खातात ह्या. शेंग पचती, बी पचत न्हाई. रातच्याला रवंथ करताना थुंकून टाकतात. सकाळी गोठा झाडला की ओंजळभर बी. ते भिजवून लावलं की आठ दिवसांत कोंब. माझा बाप लोकांच्या बांधाला असंच कुंपण करायचा. दोन वर्षांत कुत्रं शिरत न्हाई."

साहेब अजून धापा टाकत होते. "बाई, हे वनस्पती उद्यान आहे. इथं बाभूळ लावायची?"

"मग बाभूळ काय वनस्पती न्हाई व्हय?"

चाचांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली. "साब, पहिले कुंपण. मग गुलाब. मी चाळीस वर्षं बागा राखल्या, उलटं कधी जमलं नाही."

साहेबांनी खाल्लेल्या जास्वंदीकडे पाहिलं. मग म्हणाले, ठीक आहे. निंब असो की बाभूळ, दसऱ्याआधी जिवंत रोप मोजू.

मला वाटलं, सुटलो. आमच्या घरामागं आमच्याच दोन शेळ्यांचा गोठा होता आणि शेजारच्या आजीचा त्याहून मोठा. उन्हाळ्याच्या शेंगांचं बी कोपऱ्यात साठलेलंच होतं. काकूंना काम नको होतं, आणि बाकीच्या बाया शहरातल्या, त्यांच्याकडे शेळ्या कुठून असणार? दोन जागांपैकी एक आईची नक्की. आणि आई तिथंच उभी राहून म्हणाली, "ज्यांना पायजे त्यांनी उद्या सांजच्याला आमच्या वस्तीत यावं. झाडणी घेऊन यावं. गोठा झाडून बी न्यावं."

परतताना मी तिला म्हटलं, "सगळ्यांना कशाला बोलावलंस? आधी तू तुझी रोपं करून घ्यायचीस. दोनच जागा आहेत."

ती चालता चालता थांबली. उन्हानं बारीक झालेले डोळे माझ्याकडे वळवले. "का गं," ती म्हणाली, "ठराव रद्द झाला का?"

अनेक सभांत मी बोलले आहे, टाळ्याही मिळाल्या आहेत. पण त्या एका प्रश्नाला उत्तर द्यायला मला अजून चांगलं वाक्य सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाया आल्या. आमच्या वस्तीत बाहेरच्या बाया इतक्या संख्येनं मतं मागायलासुद्धा कधी आल्या नव्हत्या. काकू परतीची एसटी चुकवून आल्या. गोठ्याच्या वासाला नाकाला पदर लावून, तरी आल्या. लेंड्या चाळणीत घेऊन चाळल्या, काळं टणक बी वेगळं केलं. शेजारच्या आजीला गोठा फुकटात झाडून मिळाला, ती म्हणाली, "रोज येत जावा गं."

कुंड्यांसाठी कागद लागणार होता. आई घरात गेली आणि माझ्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन आली. निम्म्याहून जास्त उरली होती. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी गठ्ठ्याची सुतळी सोडली. म्हटलं, "पेला आण."

चाचा बरोबर होते. वाचून झाल्यावर कागद कुंडीच असतो. जाड कागद होता, पाणी धरून राहिला. वेडीवाकडी का होईना, मी त्या संध्याकाळी साठेक कुंड्या केल्या. घरामागं भिंतीच्या सावलीला रांगा लागल्या, आणि प्रत्येक कुंडीवर 'सर्वांनी मिळून!' कुठं उलटं, कुठं अर्धं. नवव्या दिवशी कोंब आले. बाभळीची पहिली पानं इतकी नाजूक असतात की पुढे यांना काटे येणार यावर विश्वास बसत नाही. आई कामावरून आली की त्यांच्यापुढं उकिडवी बसायची. पाणी घालून झालं तरी उठायची नाही. वडील तिथंच पाट टाकून बसायचे आणि कुंड्यांवरच्या माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढायचे. तो दीड महिना आमच्या घरात कुणी भांडलं नाही. मी तर त्या दिवसांत एकही पत्रक लिहिलं नाही, आणि मला त्याची आठवणही झाली नाही.

दसऱ्याला दहा दिवस असताना आमच्याच शेळीनं दावं तोडलं. आई येईस्तोवर दोन रांगा खाऊन झाल्या होत्या, कागदासकट. आईनं तिला मारलं नाही. "बी तिनंच दिलेलं," ती म्हणाली, "तिचा हिस्सा नेला."

मोजणीच्या रविवारी रोपं डोक्यावरच्या पाट्यांत घालून आम्ही उद्यानात नेली. साहेब आणि चाचा रांगांमधून मोजत फिरले. काकूंची सगळ्यात जास्त. त्या मोजणी संपायच्या आतच म्हणाल्या, "माझी धरू नका. मी रोज रेणापूरहून आले तर गुरं कोण बघणार, साहेब, तुम्ही?" त्यांना वगळून देगलूरची मुलगी पहिली आली. दुसरी आली बसस्थानकामागं राहणारी एक बाई. आई तिसरी. सहा रोपांनी.

शेळीनं खाल्लेल्या दोन रांगा माझ्या डोळ्यांपुढं आल्या. गोठा झाडून नेलेलं बी आलं. मी उठणार होते. काय म्हणणार होते ते ठाऊक नव्हतं, पण उठणार होते. आईनं माझी वेणी धरून ठेवली होती.

"थांबा," चाचा म्हणाले. "साब, ही रोपं लावणार कोण? कुंपणाची चर खणायची, अंतर धरायचं, पहिल्या वर्षी काटा कसा वळवायचा ते बघायचं. मला नाही येत. मी गुलाबवाला."

साहेबांनी मोजणीची वही मिटली. रोपवाटिकेत दोनच जागा, ते खरं. पण कुंपणाचं काम रोजगार हमीतून काढता येतं, ते म्हणाले. बाई आधीच हमीच्या कामावर आहेत. हजेरी तीच, मजुरी तीच, फक्त खडीवरून इकडे नाव लावून घ्यावं लागेल. दुष्काळी काम म्हणून कुंपण नक्की मंजूर होईल. "अर्ज लागेल. आज दिला तर उद्या मी स्वतः तहसीलला नेतो."

आईनं माझी वेणी सोडली. "लिही," ती म्हणाली.

साहेबांनी सरकारी कागद दिला, आणि उद्यानातल्या दगडी बाकावर बसून मी लिहायला घेतलं. 'नवनिर्मित जिल्ह्यातील कष्टकरी महिलांवर होणारा अन्याय' इथपर्यंत आले होते. आईनं विचारलं, "काय लिहिलंस?" मी वाचून दाखवलं.

"हे कशाला? खोड. लिही, मला कुंपण येतं."

"आणि?"

"आणि काय? मला कुंपण येतं. खडीवरून हिकडं घ्यावं. झालं."

मी तेवढंच लिहिलं. दोन ओळी. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं लिखाण, आणि उद्गारचिन्ह नसलेलं पहिलं. आईनं अंगठा उमटवला. साहेबांनी अर्ज घेतला, वर छापलेलं जुन्या जिल्ह्याचं नाव सवयीनं खोडलं, नवं लिहिलं आणि खिशात ठेवला.

दसरा झाला. त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी आई चुलीपुढं बसली होती. तहसीलचा कागद आदल्या दिवशी आला होता. कोपऱ्यावर ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. मी सवयीनं तिचा डबा उचलून दारात गेले. ती उठली नाही. भोंगा पुन्हा वाजला, या वेळी लांब. मुकादम कुणाला तरी ओरडला. ट्रॅक्टर निघाला, त्याचा आवाज मुरुडच्या रस्त्याकडे कमी कमी होत गेला.

आईनं बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायली. मग कपात उरलेला ओतला. तोही प्यायली.

"गार झाला का?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "असा गरम असतो व्हय शेवटचा घोट?"